‘मुलं सुधारली’ हे कशावरून?

दुसरीच्या वर्गात बाई सांगतात, “लिहा, त्रेपन्न.” तीसपैकी पाच-सहा वह्यांत हमखास ३५ उमटतं. ही मुलं मठ्ठ नसतात. त्यांना ‘त्रे’ आधी ऐकू आला म्हणून त्यांनी ३ आधी लिहिला, ‘पन्न’ नंतर आला म्हणून ५ नंतर लिहिला. ऐकलं तसं लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक मागाहून. लिहिताना मात्र दशक आधी. कानडी, तेलुगू, तमिळ किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला विसाच्या पुढे ही कसरत करावी लागत नाही.

२०१९ च्या जूनमध्ये यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे संख्यावाचनाचे तज्ज्ञ झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगितली. समोरून उत्तर आलं ते भाषेच्या अभिमानाचं आणि विनोदांचं. त्या गदारोळात एका साध्या प्रश्नाला सर्वांत कमी जागा मिळाली: ‘पन्नास तीन’ म्हटल्याने मुलांच्या चुका खरोखर कमी होतात का? आणि होत असतील, तर ते कळणार कसं?

असल्या प्रश्नांची उत्तरं शोधण्याची रीत शिकवणारं एक पदव्युत्तर शिक्षण आहे. त्याचं नाव एम.एड. शिक्षकांच्या घरात हे नाव पगारवाढ, बढती आणि प्राचार्यपद यांच्या संदर्भातच जास्त ऐकू येतं. त्यात नेमकं काय शिकतात, हे मात्र पुष्कळदा त्या घरांनाही ठाऊक नसतं.

शिकवणं आणि शिकवण्याचा शोध

डी.एल.एड. आणि बी.एड. शिकवायला शिकवतात. टाचण कसं काढावं, प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा, वर्ग कसा सांभाळावा, हे तिथलं काम. एम.एड.मध्ये शिकवणं हाच अभ्यासाचा विषय होतो. मूल कसं शिकतं, का अडतं, एखादी पद्धत उपयोगी पडली की नुसती तशी वाटली, याचा तपास करायचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा पूर्वीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे लघुशोधप्रबंध: एक प्रश्न घ्यायचा, त्यावरचं आधीचं संशोधन वाचायचं, शाळांत जाऊन माहिती गोळा करायची आणि निष्कर्ष काढायचा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे अजूनही आपल्या तोंडी असलेल्या नगरला, शिक्षक घडवण्याच्या कामाचा जुना वारसा आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५३ मध्ये जोतिराव फुल्यांची मुलाखत छापली. फरारबाईंच्या शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, असं जोतिरावांनी त्यात सांगितलं होतं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आज एम.एड.ची पदवी देतं, त्या शिक्षिकेच्या तयारीचा धागा असा नगरपर्यंत पोचतो.

आजच्या व्यवस्थेत जिल्ह्यातल्या शाळांसाठी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे ‘डाएट’कडे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर या संस्था निघाल्या. प्रशिक्षणाबरोबर शिक्षकांच्या कृतिसंशोधनाला हात देणं हेही त्यांचं काम ठरलेलं आहे.

प्रश्न लहान करावा लागतो

नवखा विद्यार्थी मार्गदर्शकांकडे जातो तेव्हा त्याचा विषय साधारण असा असतो: ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास’. एवढ्या मोठ्या प्रश्नाला उत्तर नसतं. चांगला मार्गदर्शक तो छाटत छाटत मोजता येईल इतका लहान करतो.

आपलाच प्रश्न घेऊ. दोन अंकी वीस संख्या मुलांना तोंडी सांगायच्या आणि लिहून घ्यायच्या. पण कोणत्या वीस? २२ किंवा ४४ उलटल्या तरी तशाच राहतात. त्या घेऊन उपयोग नाही. मग ‘एकोण’वाल्या संख्या. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहितं, कारण त्याला ‘तीस’ ऐकू आलेलं असतं. ही चूक आहे, पण आपल्याला हवी ती उलटापालट नव्हे. तिचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. ‘पंचावन्न’ आणि ‘पंच्याण्णव’ यांत कान फसतो, ती तिसरीच जात. म्हणजे नुसते ‘वीसपैकी किती बरोबर’ हे गुण पुरत नाहीत. कोणती चूक किती वेळा, हे मांडावं लागतं. जॉन ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाक्या अशाच तपासल्या होत्या. ५२ − ३८ चं उत्तर २६ लिहिणारं मूल अंदाजपंचे लिहीत नसतं. ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं आणि दरवेळी नेमाने तसंच चुकतं. चुकीमागचा नियम सापडला की काय शिकवायचं तेही सापडतं.

आधीचं संशोधन वाचण्याचा फायदा इथे होतो. जर्मन भाषेतही आपल्यासारखं एकक आधी बोलतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्या ऐकून लिहिताना झालेल्या त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुकांचा संबंध या उलट्या क्रमाशी होता. वेल्श भाषेत संख्यानामं सरळ आहेत. तिथल्या मुलांना दोन अंकी संख्या वाचणं आणि त्यांची तुलना करणं सोपं गेलं, पण म्हणून सगळं गणित सुधारलं असं दिसलं नाही. म्हणजे नारळीकरबाईंचं म्हणणं निराधार नव्हतं. आणि नुसत्या नावांनी गणिताचं सोनं होत नाही, हेही खरं. शिवाय ‘पन्नास तीन’ची स्वतःची एक खोड असू शकते: मूल ५० लिहून पुढे ३ लावेल आणि उत्तर होईल ५०३! चाचणीत याही चुकीचा रकाना हवा. औषधाने काय बरं झालं याबरोबर काय बिघडलं, हे न मोजणारा प्रयोग अर्धाच.

सगळे प्रयोग यशस्वीच का होतात?

समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एका बाईंनी हा प्रयोग केला. ऑक्टोबरमध्ये तीस मुलांची पूर्वचाचणी घेतली. वीसपैकी सरासरी ९ गुण आले. तीन महिने ‘पन्नास तीन’ पद्धतीने सराव घेतला. जानेवारीत उत्तरचाचणी घेतली. सरासरी ११. पद्धत परिणामकारक ठरली, अहवाल तयार.

आता हजेरीपट उघडू. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. या वर्गातली दहा मुलं गेली. दरवर्षीच त्यांचे चार-पाच महिने बुडतात, त्यामुळे पूर्वचाचणीत त्यांची सरासरी ५ होती. मागे राहिलेल्या वीस मुलांची सरासरी तेव्हाच ११ होती. जानेवारीतही ती ११ च आहे. म्हणजे कुणीही काडीचंही न शिकता वर्गाची सरासरी दोन गुणांनी वाढली! बाई खोटं बोललेल्या नाहीत. बेरीज-भागाकारही बरोबर आहे. चुकलं ते एवढंच, की दोन वेगळ्या गटांची तुलना ‘एकच वर्ग’ समजून झाली. नमुन्यातली गळती म्हणतात ती ही. इलाज साधा आहे: दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करायची आणि कोण, का गेलं हे अहवालात लिहायचं. नगर जिल्ह्यात संशोधन करणाऱ्याने हजेरीपट चाचणीइतकाच जवळ ठेवला पाहिजे.

फसवणाऱ्या वाटा आणखी आहेत. मुलं मोठी होतात. तीन महिन्यांत काहीही वेगळं केलं नसतं तरी बरीच मुलं ५३ बरोबर लिहू लागली असती. शिवाय तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर मुलांना प्रश्न आठवतात. वाढतो तो प्रश्नपत्रिकेचा परिचय.

तिसरी वाट जास्त चकवते. चाचणी घेऊन सर्वांत कमी गुणांची आठ मुलं निवडली आणि त्यांच्यासाठी उपचारात्मक वर्ग घेतला, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण हमखास वाढतात. एकदा घेतलेल्या चाचणीत तळाला गेलेल्या मुलांपैकी काही खरोखर मागे असतात; काहींना त्या दिवशी ताप असतो, झोप झालेली नसते किंवा घरून मार खाऊन आलेली असतात. दुसऱ्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या पातळीला येतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. याची दुसरी बाजू शिक्षकांनी मनावर घ्यावी अशी आहे. शाबासकी मिळालेलं मूल पुढच्या वेळी थोडं घसरतं आणि मार खाल्लेलं थोडं वर येतं. यात शाबासकीचा दोष नसतो आणि छडीची करामतही नसते. ‘छडी लागे’वरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाला या संख्याशास्त्रीय योगायोगाने किती खतपाणी घातलं असेल, देव जाणे.

आणि चौथी: कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय हे कळलं की माणसं वेगळी वागतात. नवा तक्ता आला, पाहुणे येऊन व्हिडिओ काढू लागले, की वर्ग आठवडाभर खुलतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. त्या मूळ प्रयोगांच्या आकड्यांवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत; पण नवेपणाच्या उत्साहाचा धोका कोणत्याही शिक्षकाला अनुभवाने माहीत असतो.

राहुरीचा वाफा

मग पद्धतीचा परिणाम या सगळ्यातून वेगळा कसा काढायचा? याचं उत्तर शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नवं खत घातलं आणि पीक जोमात आलं, तर तो आधी शेजारच्या बिनखताच्या वाफ्याकडे बघतो. तिथलंही पीक तसंच असेल तर श्रेय पावसाचं. संशोधनात बिनखताच्या वाफ्याला नियंत्रित गट म्हणतात आणि खताच्या वाफ्याला प्रायोगिक गट. दोन्हीकडची मुलं मोठी होतात, दोन्हीकडे चाचणीचा सराव होतो, दोन्हीकडून मुलं ऊसतोडीला जातात. उरलेल्या फरकावर पद्धतीला हक्क सांगता येतो.

हे साम्य वरवरचं नाही. शिक्षणशास्त्राने आपली मोजमापाची अवजारं खरोखरच शेतातून आणली आहेत. प्रयोगाची आखणी कशी करावी याचे नियम रोनल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बसवले. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९३५ चं. एम.एड.च्या विद्यार्थ्यांना घाम फोडणारं ‘टी-मूल्य’ विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये मांडलं. ते डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकरीला होते आणि बार्लीच्या थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा हा त्यांचा प्रश्न होता. नगर जिल्ह्यातच, राहुरीला, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. वाण तपासायला तिथे एकच पीक अनेक वाफ्यांत घेतात आणि कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. एका वाफ्यावरून निर्णय देत नाहीत. शिक्षणातल्या संशोधकाने एकदा तिथे चक्कर टाकावी.

कारण लघुशोधप्रबंधांतली एक मोठी चूक तिथे लगेच दिसेल. एका शाळेत नवी पद्धत, दुसऱ्या शाळेत जुनी, दोन्हीकडे तीस-तीस मुलं. फरक दिसला, पद्धत सिद्ध. पण पहिल्या शाळेच्या बाईच मुळात जीव ओतून शिकवणाऱ्या असतील तर? मुलं साठ असली तरी शिक्षक दोनच आहेत, म्हणजे वाफे दोनच. बाईंचा गुण आणि पद्धतीचा गुण इथे वेगळा करता येत नाही. त्यासाठी जास्त शाळा हव्यात, किंवा त्याच बाईंनी दोन तुकड्यांना दोन रीतींनी शिकवायला हवं.

टी-मूल्याबद्दलही एक गैरसमज आहे. विद्यार्थी आधी ‘शून्य परिकल्पना’ मांडतो: दोन गटांत फरक नाही. मग दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता काढतो. खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसेल असं निघालं, तर निष्कर्षाला ‘सार्थक’ म्हणतात. सार्थक म्हणजे मोठा नव्हे, महत्त्वाचाही नव्हे. हजारो मुलं घेतली तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरेल. त्यासाठी पाठ्यपुस्तक बदलायचं का, हा प्रश्न उरतोच.

आता मुख्य अडचण. वाफ्याला वाईट वाटत नाही, मुलाला आणि पालकांना वाटतं. चांगली वाटणारी पद्धत अर्ध्या मुलांपासून दूर कशी ठेवायची? यावरचं एक देखणं उत्तर मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत मिळालं. मागे पडलेल्या सुमारे वीस मुलांना ‘प्रथम’ संस्थेची बालसखी, म्हणजे वस्तीतलीच एक तरुणी, शाळेच्या वेळेतले दोन तास वेगळं शिकवायची. काही शाळांना ती एका इयत्तेसाठी मिळाली, काहींना दुसऱ्या. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि प्रत्येक इयत्तेत तुलनेसाठी दुसरी शाळाही मिळाली. मुलांचे गुण वाढल्याचं दाखवणारा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं.

चौकट: ‘या उपक्रमाने मुलं सुधारली’ असं ऐकलं तर विचारा

• नेमकं काय सुधारलं, आणि ते कशाने मोजलं?
• आधी मोजलेली आणि नंतर मोजलेली मुलं तीच होती का?
• उपक्रम नसलेल्या वर्गात त्याच काळात काय झालं?
• फक्त सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली होती का?
• उपक्रम संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं का?

आपल्याच वर्गाचं संशोधन

एवढं सगळं वाचून द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी म्हणतील, हे आमचं काम नव्हे. त्यांच्यासाठी कृतिसंशोधन आहे. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये या विचाराला आकार दिला, अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये तो शाळेत आणला आणि इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये ठामपणे मांडलं की शिक्षकाने स्वतः संशोधक असलं पाहिजे. बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन शिक्षकाला मोजण्यापेक्षा शिक्षकाने स्वतःचा वर्ग तपासावा. आपल्याकडे बी.एड.च्या विद्यार्थ्यालाही कृतिसंशोधन करावं लागतं.

लघुशोधप्रबंधाला इतर शाळांनाही लागू पडेल असं काहीतरी शोधायचं असतं. कृतिसंशोधनाला फक्त याच वर्गाची अडचण सोडवायची असते. योजना करा, अंमलात आणा, निरीक्षण करा, विचार करा, योजना बदला आणि पुन्हा सुरू करा. नियंत्रित गट नसला तरी चालतो. पण नोंद प्रामाणिक हवी. कोणत्या मुलाने कोणती चूक केली, दर आठवड्याला एक ओळ. अकोले तालुक्यातल्या ठाकर वस्तीवरच्या शाळेत मूल घरी वेगळी बोली बोलतं. तिथे ‘त्रेपन्न’ची चूक उलट्या क्रमाची आहे की तो शब्दच कानावर नवा आहे, हे पुण्यातला संशोधक नाही, रोज समोर असलेला शिक्षकच सांगू शकेल. त्याने मुलाला शेजारी बसवून एकच प्रश्न विचारावा: “हे तू कसं लिहिलंस ते सांग बरं.” यातून मिळणारी माहिती पन्नास प्रश्नांच्या प्रश्नावलीतून मिळत नाही.

कपाटातले प्रबंध

आता थोडं कटू. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर कुणालाही वाचता येतात. एम.एड.चे लघुशोधप्रबंध बहुधा महाविद्यालयाच्या कपाटात जातात. त्यामुळे तोच विषय तालुका बदलून पुन्हा होतो, तीच प्रश्नावली, तेच ‘अनुकूल परिणाम दिसून आला’. बांधणीच्या दुकानात संगणकावर जुन्या प्रबंधाचं नाव बदलून देण्याचा धंदा चालतो, हे या क्षेत्रातल्या कुणालाही नवं नाही. दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा आहेच, पण व्यवस्थेचाही आहे. फसलेल्या प्रयोगाला कमी गुण मिळतील ही भीती खरी आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा शिक्षकांना लिहितं करते, हे तिचं मोठं काम. पण ‘मी हे करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही’ अशा अहवालाला बक्षीस मिळेल, असं स्पर्धेत उतरणाऱ्या शिक्षकाला वाटत नाही. वास्तविक असा एक नेटका अहवाल शंभर शाळांचे तीन महिने वाचवू शकतो.

जिल्ह्यातल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी आणि संगमनेरच्या डाएटने मिळून एवढं तरी करावं: प्रत्येक लघुशोधप्रबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत वाचला जावा आणि त्यात न जमलेल्या प्रयोगांना समान जागा असावी. या वर्षी एम.एड.ला प्रवेश घेणाऱ्यांनी विषय जुन्या प्रबंधांच्या यादीतून निवडू नये. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात एक तास बसावं, मुलांच्या वह्या मागून घ्याव्यात आणि चुका वाचाव्यात. संशोधनाला पुरतील इतके विषय तिथे मिळतील.